स्मार्ट स्पीकर, कॅमेरा आणि कुलूप: घरात कोणाला कुठवर मुभा द्यायची?

तारकासव (धागालेखक)

स्मार्ट स्पीकरच्या प्रत्येक धाग्यावर दहाव्या प्रतिसादापर्यंत "तो सगळं ऐकतो" विरुद्ध "तुमच्याकडे ऐकण्यासारखं आहे तरी काय" अशी जुंपते. ती कुस्ती इथे नको. उपकरणं घरात आली आहेत किंवा येणार आहेत असं धरून चालू. काय कुठे जोडायचं, कोणती सेटिंग आधी बदलायची, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

सुरुवात स्पीकरपासून. तो सतत ऐकतो, पण सतत पाठवत नाही. हाक ("ॲलेक्सा", "ओके गूगल" असा स्पीकरला जागं करणारा शब्द) ओळखणारं छोटं मॉडेल स्पीकरमध्येच चालतं. क्षणभराचा आवाज मेमरीत फिरत राहतो, जुना पुसला जातो, नवा भरतो. हाक जुळली की मागचा तेवढा तुकडा आणि पुढचं वाक्य सर्व्हरकडे जातं. त्यामुळे गळती होते ती हाक चुकून जुळल्यावर. २०२० मध्ये जर्मनीतल्या रूर विद्यापीठाच्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी असे हजारावर शब्दसमूह जमवले, जे खरी हाक नसतानाही कुठला ना कुठला स्पीकर जागा करतात.

ॲलेक्साच्या ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये जाऊन विनंती सुरू झाल्याचा आणि संपल्याचा, असे दोन्ही आवाज चालू करा. पाठमोऱ्या माणसाला दिवा चमकलेला दिसत नाही, पण टुंग ऐकू येतं. गूगलच्या स्पीकरला हाकेची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. ती एक पायरी खाली आणा. स्पीकर टीव्हीच्या अगदी शेजारी असेल तर हलवा. घरात कोणाचं नाव हाकेच्या जवळपास जाणारं असेल तर हाकच बदला.

साठवणीचं वेगळं पाहावं लागतं. ॲलेक्सात रेकॉर्डिंग अजिबात न ठेवणं, ३ महिने किंवा १८ महिने असे पर्याय आहेत. गूगलमध्ये ३, १८ आणि ३६ महिने. आयफोनवर सिरीचा इतिहास पुसायची सोय सिरीच्या सेटिंगमध्ये आहे. पण "सिरी सुधारण्यासाठी मदत करा" हे बटण तिथे नाही, ते गोपनीयतेच्या पानावर खाली दडलेलं आहे. रेकॉर्डिंगचे नमुने माणसं बसून ऐकतात हे २०१९ मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिघांच्याही बाबतीत उघड झालं, तेव्हा हे बटण बंद करायला विसरू नका.

फ्यूजवायर

चांगला धागा. पण सगळे मायक्रोफोनकडे बघत बसतात आणि प्लगकडे कोणी बघत नाही, म्हणून आधी विजेचं लिहितो.

१० अँपिअरचा स्मार्ट प्लग २३० व्होल्टवर २३०० वॉटचा झाला, हे कागदावर. तासन्‌तास चालणाऱ्या भाराला त्याच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ नये, म्हणजे साधारण १८०० वॉट. २००० वॉटचा हीटर "चालतो की" म्हणून लावला तर पहिल्या दिवशी काही होत नाही. प्लगच्या पिना आणि सॉकेट यांच्यातला संपर्क रोज थोडा तापतो, पकड सैल होते, मग आणखी तापतो. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर काढा.

मोटार असलेल्या वस्तूंचं दुखणं वेगळं. पंप किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सात पट झटका घेतो. प्लगमधल्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचे) संपर्क त्या ठिणगीने एकमेकांना चिकटतात. मग ॲपमध्ये "बंद" दिसतं, टक असा आवाजही येतो, आणि वस्तू चालूच असते. म्हणून तापणारी कुठलीही वस्तू घरात कोणी नसताना आवाजाने किंवा ॲपने सुरू करायची नाही. मोठा भार हवाच असेल तर प्लगने काँटॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या रिलेची) कॉइल चालवावी आणि काँटॅक्टरने भार. हे काम इलेक्ट्रिशियनचं, व्हिडिओ बघून करायचं नाही.

आणखी एक सेटिंग: वीज गेली आणि परत आली की काय करायचं? बंद, चालू, किंवा आधी होतं तसं. कारखान्यातून बल्ब बहुधा "चालू" वर येतात. मध्यरात्री वीज येते आणि सगळं घर लखलखतं. मग लोक म्हणतात हॅक झालं.

पोर्ट_५५४

+१, शेवटच्या ओळीला खास.

नेटवर्कचं मी घेतो. २०१६ चा मिराई आठवत असेल, घरगुती उपकरणांत घुसणारा व्हायरस. त्यात कसलीही हुशारी नव्हती. तो इंटरनेटवर टेलनेटची (उपकरणाला दुरून आज्ञा द्यायच्या जुन्या सोयीची) दारं, म्हणजे पोर्ट २३ आणि २३२३, ठोठावत फिरायचा आणि कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचा. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर असे लाखांनी सापडले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच जोरावर डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारख्या साइट कित्येकांना उघडेनात. गंमत म्हणजे मिराई फक्त मेमरीत राहायचा, उपकरण बंद करून चालू केलं की नाहीसा. पासवर्ड मात्र तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा हजर.

तेव्हा राउटरमध्ये आधी यूपीएनपी बंद. ते चालू असलं की घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता बाहेरून आत यायला दार उघडून घेऊ शकतं. बंद केल्यावर गेम कन्सोलच्या ऑनलाइन खेळात कुरकुर होऊ शकते. त्या एकट्यासाठी हाताने पोर्ट उघडा. मग पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून आत यायला हाताने उघडलेल्या दारांचं, पान उघडा. कॅमेऱ्यासाठी ५५४ किंवा ८० उघडलेलं दिसलं तर काढून टाका. बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्डची व्हीपीएन (बाहेरून घरच्या जाळ्यात यायचा कुलूपबंद बोगदा) घाला. तिला एकच यूडीपी पोर्ट लागतं, साधारणपणे ५१८२०, आणि चावी नसलेल्याला ती उत्तरच देत नाही, त्यामुळे ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही.

तिसरं, स्मार्ट उपकरणांना पाहुण्यांचं वायफाय द्या. बल्ब, प्लग, झाडू-रोबो, कॅमेरे तिकडे. लॅपटॉप, फोन आणि फाइलींची डिस्क मुख्य जाळ्यात.

मधलीसुट्टी

पोर्ट साहेब, पाहुण्यांचं जाळं लिहिणं सोपं आहे. केल्यावर पहिल्या संध्याकाळी फोनवरून टीव्हीवर काही पाठवता येत नाही आणि सगळा डाव मोडून लोक मूळपदावर येतात. तेही सांगा ना.

पोर्ट_५५४

बरोबर, सांगायला हवं होतं. फोन टीव्ही शोधतो तो एमडीएनएसने: २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, पोर्ट ५३५३ वर "कोण आहे का?" अशी आरोळी. ही आरोळी एका जाळ्याची भिंत ओलांडत नाही. शिवाय पाहुण्यांच्या जाळ्यात बहुतेक राउटर उपकरणांना एकमेकांशीही बोलू देत नाहीत.

यावर दोन वाटा. राउटरमध्ये एमडीएनएस पुढे पाठवायची सोय असेल तर ती चालू करून मुख्य जाळ्यातून पाहुण्यांकडे जाणारी वाट मोकळी ठेवायची, उलटी नाही. नसेल तर ज्यावर फोनवरून चित्र किंवा गाणी पाठवायची ते टीव्ही आणि स्पीकर मुख्य जाळ्यातच राहू द्या आणि बाकीचा लवाजमा तिकडे हलवा. ही तडजोड आहे, पण साठ टक्के तटबंदी रात्रीत पाडून टाकलेल्या शंभर टक्के तटबंदीपेक्षा बरी.

जोडणी करताना उपकरण सापडतच नसेल तर कारणं ठरलेली. बहुतेक स्वस्त उपकरणांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं आणि फोन ५ वर बसलेला असतो, म्हणून पाहुण्यांचं जाळं फक्त २.४ वर ठेवा. राउटर निव्वळ डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुनी चिप नकार देते, डब्ल्यूपीए२ ठेवा. जाळ्याच्या नावात इमोजी किंवा देवनागरी असेल तर काही ॲपं गडबडतात. आणि मॅटरवाली (सगळ्या कंपन्यांना सामाईक असलेल्या मानकाची) उपकरणं आयपीव्ही६ या नव्या धर्तीच्या नेटवर्क पत्त्यांवर चालतात. पाहुण्यांच्या जाळ्यात राउटर ते अडवत असेल तर जोडणी अर्ध्यावर थांबते आणि ॲप नुसतं "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत राहतं.

किल्लेदार

कुलपाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यात मोठा गैरसमज असा, की स्पीकर "माझा आवाज ओळखतो". ओळखतो, पण कॅलेंडर तुमचं वाचायचं की दुसऱ्याचं एवढं ठरवण्यापुरतं. ती सोय आहे, चावी नव्हे. रेकॉर्डिंग वाजवा, मिळताजुळता आवाज काढा, बऱ्याचदा चालून जातं. एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंगच्या टीव्हीवरच्या जाहिरातीने लोकांच्या घरातले गूगल होम जागे केले होते, तेही सहज.

आवाजाने कुलूप उघडायला सांगितलं की पिन विचारतात. पण तो पिन तुम्ही मोठ्याने बोलणार. दाराबाहेर उभ्या माणसालाही तो ऐकू जातो. तेव्हा आवाजाने लावणं चालू ठेवा, उघडणं बंद ठेवा.

खरी मेख पुढे आहे. पिन विचारायचा की नाही हे सहायक (ॲलेक्सा, गूगल वगैरे) ठरवतो ते उपकरणाच्या प्रकारावरून. ॲपमध्ये प्रकार "कुलूप" किंवा "गॅरेज" असेल तर विचारतो. लोक स्वस्तात काम व्हावं म्हणून फाटकाच्या मोटारीला साधा वायफाय रिले लावतात. तो ॲपमध्ये "स्विच" म्हणून येतो. सहायकाच्या लेखी तो आणि दिवा सारखेच. मग खिडकीबाहेरून कोणी ओरडून "गेट चालू कर" म्हटलं तर पिन नाही, काही नाही, फाटक उघडं. "सगळं चालू कर" म्हटलं तरी उघडं, कारण ते त्या यादीत आहे. रिलेचा प्रकार बदलता येत असेल तर बदला. नसेल तर त्याला सहायकाच्या यादीतून काढा आणि फक्त त्याच्या स्वतःच्या ॲपमधून चालवा. दुसरी चोरवाट म्हणजे रूटीन, एका वाक्यावर होणाऱ्या कामांची साखळी. "मी आलो" या वाक्याला पाच कामं बांधलेली असतात आणि त्यात फाटकाचा रिले विसरलेला असतो. रूटीन एकेक उघडून वाचा.

लेझरने आणि अतिध्वनीने स्पीकरला आज्ञा देता येते हेही खरं. २०१७ च्या डॉल्फिन हल्ल्यात २० किलोहर्ट्झच्या वरचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज वापरला. २०१९ मध्ये मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी लेझरची तीव्रता कमी-जास्त करून ११० मीटरवरून मायक्रोफोनला आज्ञा "ऐकवली". वाचायला झकास. पण चोर लेझर घेऊन यायच्या आधी दाराच्या फटीतून ओरडून बघेल. दोन्हींवर उपाय एकच, स्पीकर खिडकीतून दिसेल असा ठेवू नका.

फ्यूजवायर

कुलपाच्या बॅटरीची भर. अल्कलाइन सेल सांगितले असतील तर अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा, त्यामुळे कुलपाला तो पहिल्या दिवसापासून अर्धा संपलेला वाटतो. लिथियम सेलचं उलट: व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं, ॲप भरपूर चार्ज दाखवतं आणि एक दिवस कुलूप अचानक गप्प. सेल लवकर संपत असतील तर बहुतेक वेळा दोष दाराचा असतो. दार न ढकलता, न ओढता चावीने बोल्ट सरळ सरकला पाहिजे. अडकत असेल तर चौकटीतली पट्टी एखाद-दोन मिलिमीटर सरकवा, सेल आपोआप टिकतील. आणि खरी किल्ली घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा.

दोनपावलं

माझ्या मते तुम्ही सगळे लोखंडात अडकलात. लोकांचे कॅमेरे उघडे पडतात ते बहुतांशी खात्यातून. २०१९ मध्ये रिंगच्या कॅमेऱ्यांतून अनोळखी लोक घरातल्यांशी बोलत होते. त्यात दुसऱ्याच कुठल्या तरी साइटवरून फुटलेले ईमेल आणि पासवर्ड इथे चालतात का, हे बघणं हा मोठा भाग होता. कंपनीने पुढे २०२० मध्ये दुहेरी पडताळणी सक्तीची केली.

म्हणून कॅमेऱ्याच्या खात्याला कुठेच न वापरलेला पासवर्ड आणि ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड. घरातल्या दुसऱ्याला पासवर्ड सांगायचा नाही, ॲपमधून सदस्य म्हणून आमंत्रण द्यायचं. कारण माणूस घर सोडून गेला की सदस्य काढणं एका टिचकीचं काम आहे. पासवर्ड बदलला तरी जुना फोन कधी कधी आत राहतो. त्यासाठी "कुठे कुठे लॉगिन आहे" ही यादी उघडून सगळीकडून बाहेर काढावं लागतं.

शयनगृहात आणि मुलांच्या खोलीत क्लाउडचा कॅमेरा नको, हे माझं ठाम मत. यात कंपनीच चुकू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची लहान चित्रं दिसली. तिथे तुमचा पासवर्ड कितीही लांब असता तरी उपयोग नव्हता.

मधलीसुट्टी

सहमत. मग चित्रण कार्डावर ठेवायचं तर किती मोठं कार्ड लागतं? आणि कार्डं वर्षभरात मरतात ती का?

पोर्ट_५५४

२ मेगाबिट प्रतिसेकंद म्हणजे दिवसाला २१.६ गीगाबाइट. ६४ चं कार्ड सतत चित्रणाला तीन दिवसही पुरत नाही, १२८ चं सहा दिवसांच्या आसपास. फक्त हालचालीवर चित्रण ठेवलं तर कितीतरी जास्त. साधी कार्डं फोटोंसाठी असतात, रात्रंदिवस पुसून लिहिण्यासाठी नाहीत. "हाय एंड्युरन्स" लिहिलेलं घ्या. मरताना ती शांतपणे मरतात: कॅमेरा चालू दिसतो आणि नवं काहीच लिहिलं जात नाही. महिन्यातून एकदा मागची एखादी क्लिप उघडून बघा. आणि चोर कॅमेराच घेऊन गेला तर कार्डही गेलं, हे गृहीत धरा.

तारकासव

आता क्लाउडशिवायच्या सहायकाकडे येऊ. २८ मार्च २०२५ पासून ॲमेझॉनने काही एको स्पीकरवरची, रेकॉर्डिंग बाहेर न पाठवण्याची सोय काढून टाकली. तेव्हापासून होम असिस्टंटबद्दल (घरातल्याच संगणकावर चालणाऱ्या, उपकरणं सांभाळणाऱ्या मोफत प्रणालीबद्दल) विचारणा वाढली आहे. वापरणारं कोणी लिहील का?

शून्यक्लाउड

लिहितो, आणि आधी वाईट बातमी. रास्पबेरी पाय ४ या छोट्या स्वस्त संगणकावर व्हिस्पर या इंजिनाने बोललेलं मजकुरात उतरवायला साधारण आठ सेकंद जातात. दिव्यासाठी आठ सेकंद कोणी थांबत नाही, माणूस उठून बटण दाबतो. त्याच पायवर स्पीच-टू-फ्रेज हे दुसरं इंजिन सेकंदाच्या आसपास उत्तर देतं. पण त्याला ठरलेली वाक्यंच कळतात, "जरा उजेड कर की" नाही, आणि भाषाही मोजक्याच. मोकळं बोलायचं असेल तर इंटेलचा छोटा पीसी लागतो. त्यावर व्हिस्पर सेकंदाच्या आत बसतं.

नावं देताना काळजी घ्या, इथे आणि ॲलेक्सा-गूगललाही. सहायकाची भाषा आणि उपकरणाच्या नावाची भाषा एकच ठेवा. सहायक इंग्रजीत आणि दिव्याचं नाव "माजघर" असलं की दर वेळी नवा अर्थ लागतो. "दिवा एक", "दिवा दोन" अशी नावं तर नकोच. वेगळ्या अक्षराने सुरू होणारी, दोन-तीन अक्षरी नावं उत्तम.

झिगबीची (बल्ब-सेन्सरना वायफायऐवजी जोडणाऱ्या कमी ताकदीच्या रेडिओची) यूएसबी काडी लावणाऱ्यांनी ती यूएसबी ३ च्या भोकात थेट खुपसू नये. ते पोर्ट २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करतं. एक मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. वायफाय चॅनल १ वर असेल तर झिगबी २५ वर ठेवा, पण सुरुवातीलाच. नंतर चॅनल बदललं की बरीच उपकरणं हरवतात आणि पुन्हा जोडावी लागतात.

क्लाउड बंद पडला तर काय होतं त्याचं उदाहरण इन्स्टिऑन ही स्मार्ट दिवे-स्विचची कंपनी. एप्रिल २०२२ मध्ये त्यांचे सर्व्हर कसलीही सूचना न देता बंद झाले आणि ॲप मेलं. ज्यांचा हब (उपकरणांना जोडणारा डबा) होम असिस्टंटला थेट जोडलेला होता त्यांचे दिवे चालू राहिले. खोक्यावर "लोकल कंट्रोल" किंवा मॅटरचं चिन्ह आहे का, हे घेण्याआधी बघा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखा डिफॉल्ट पासवर्ड देणं कायद्याने बंद आहे आणि सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करावं लागतं. तेच मॉडेल तिकडे विकलं जात असेल तर कंपनीच्या तिकडच्या पानावर ती तारीख सापडते.

मधलीसुट्टी

शेवटची शंका. जुने बल्ब आणि प्लग कोणाला देऊन टाकायचे असतील तर ॲपमधून काढले की पुरे ना?

किल्लेदार

नाही. बल्बमध्ये तुमच्या वायफायचा पासवर्ड असतो. २०१९ मध्ये एका संशोधकाने एका नामांकित बल्बच्या चिपमधून तो उघड्या अक्षरात वाचून दाखवला होता.

क्रम असा ठेवा. उपकरण चालू आणि ऑनलाइन असतानाच ॲपमधून काढा. बऱ्याच ॲपांत "काढा" आणि "काढा व डेटा पुसा" असे दोन पर्याय येतात, दुसरा निवडा. मग ॲलेक्सा किंवा गूगलच्या यादीत तेच नाव "प्रतिसाद देत नाही" म्हणून लटकत राहतं, तिथूनही घालवा. त्यानंतर उपकरणाचा स्वतःचा रिसेट. प्लगला बटण पाच-दहा सेकंद दाबून, बल्बला बनावटीप्रमाणे ठरावीक वेळा चालू-बंद करून. दिवा भराभर लुकलुकू लागला की तो कोरा झाला. फुटलेला किंवा चालूच न होणारा बल्ब रिसेट करता येत नाही, तेव्हा तो फेकल्यावर वायफायचा पासवर्ड बदला. इथे पोर्टच्या पाहुण्यांच्या जाळ्याचा फायदा होतो, फक्त तिकडचाच बदलावा लागतो. आणि नवा पासवर्ड टाकताना बाकीचे पंधरा प्लग एकेक करून पुन्हा जोडावे लागतील, तेव्हा हे काम रात्री अकरा वाजता काढू नका.